लडलो एका दिवसात: आई-बाबांना घेऊन येणार असाल तर आधी वार ठरवा

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही बर्मिंगहॅमला राहता, पुण्याहून आई-बाबा आले आहेत, लंडन आणि स्ट्रॅटफर्ड दाखवून झालं आहे. आता त्यांना इंग्लंडमधलं एखादं जुनं, बाजाराचं गाव दाखवायचं आहे आणि कोणीतरी वेल्सच्या सरहद्दीजवळच्या श्रॉपशर परगण्यातलं लडलो सुचवलं. बाबांना इतिहासाचं वेड, आईंचे गुडघे दुखतात आणि त्या शुद्ध शाकाहारी. रविवारी येऊन दोन-तीन तासांत गाव बघून होईल का, आणि नेमकं काय बघायचं?

मी लडलोत बरीच वर्षं राहते आणि आलेल्या पाहुण्यांना गाव दाखवणं हा माझा आवडता उद्योग आहे. आधी घरचे, मग ओळखीचे, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे. त्यावरून सांगते: काय बघायचं यापेक्षा कुठल्या वारी यायचं आणि सुरुवात कुठून करायची, हे आधी ठरवा. रविवारी दुपारी दोनला आलात तर किल्ला दिसेल, दोन-चार वाकडी लाकडी घरं दिसतील, फोटो चांगले येतील. पण "हे गाव इथे का वसलं?" या बाबांच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. ते उत्तर भर चौकात आहे आणि तो चौक बाजाराच्या दिवशीच बोलतो.

बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार भरतो. काही रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार असतो. त्यात रमणारेही आहेत, पण भाजी-चीज-पावाच्या बाजाराची मजा त्यात नाही. तुम्हाला सुट्टी टाकता येत असेल तर शुक्रवार घ्या. बाजार भरलेला असतो आणि गर्दी आईंना त्रास होईल इतकी नसते. शनिवारच शक्य असेल तर सकाळी लवकर पोचा, कारण कासल स्ट्रीटचा कार पार्क पटकन भरतो. तो चौकाच्या अगदी मागे आहे, स्वच्छतागृहही तिथेच आहे, त्यामुळे ज्येष्ठांसाठी तीच जागा बरी. दुपारी तीननंतर गाळेवाले आवराआवर करू लागतात, म्हणून दिवस उलटा लावू नका: आधी बाजार, मग बाकी सगळं.

येणार कसे, यावर बरंच अवलंबून आहे. रेल्वेने आलात तर न्यू स्ट्रीटहून श्रूसबरीला साधारण तास, तिथे गाडी बदलून पुढे अर्धा तास. प्रवास सुंदर आहे, पण लडलो स्टेशन खाली आणि चौक वर, मधे चढ आहे. तरण्या माणसाला दहा मिनिटं, दुखऱ्या गुडघ्यांना बरंच जास्त. म्हणून तुमच्या बाबतीत कारनेच या. किडरमिन्स्टरवरून क्लीओबरी मॉर्टिमरमार्गे येणारा रस्ता घ्या. तो क्ली हिलच्या अंगावरून जातो आणि उतारावर एकदम समोर वेल्सपर्यंतच्या डोंगररांगा उघडतात. वरच्या माळावर मेंढ्या मोकळ्या फिरतात आणि रस्त्याच्या मधोमध बसतात, तेव्हा वेग कमी ठेवा. तिथल्या खाणींमधला काळा दगड बाबांना दाखवा. इथे त्याला धूस्टोन म्हणतात. तो डोलेराइट आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टच्याच जातकुळीचा, आणि एकेकाळी कितीतरी गावांचे रस्ते या दगडाने फरसबंद झाले.

आता चौक. पाहुण्यांना मी पहिल्यांदा इथेच उभं करते, किल्ल्याच्या दाराकडे पाठ करून. समोर पूर्वेकडे बटरक्रॉसची दगडी इमारत दिसते, आणि चौकापासून तिथपर्यंत घरांच्या रांगा आणि त्यांच्यामधून गेलेल्या अरुंद गल्ल्या. फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्या दाराशी गाव आखलं, तेव्हा ही घरं नव्हती. किल्ल्यापासून पार लडलोच्याच बुल रिंग नावाच्या रस्त्यापर्यंत एकच रुंद, मोकळी बाजारपेठ होती. आठवड्याच्या आठवड्याला लागणारे गाळे हळूहळू रात्रीही तिथेच राहू लागले, मग त्यांना छप्पर आलं, मग भिंती, मग वर मजला. त्या रांगा म्हणजे आजच्या किंग स्ट्रीट, हार्प लेन वगैरे गल्ल्यांतली घरं. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही! आज मोकळा दिसणारा चौकही कायम मोकळा नव्हता. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इथे लाल विटांचं मोठं टाउन हॉल बांधलं होतं, ते १९८६ मध्ये पाडलं आणि बाजार पुन्हा उघड्यावर आला.

बाजारात घाई करू नका. मोसम बघून चौकशी करा: मे-जूनमध्ये ईव्हशॅमकडचं ॲस्परॅगस, ऑगस्टच्या सुमारास पर्शोरचे प्लम, पुढे हेरफर्डशरची सफरचंदं. गाळेवाल्यांशी बोला. माल कुठून आला हे त्यांना विचारलेलं आवडतं आणि आई-बाबांना मंडईतलं बोलणं आणि हे बोलणं यांतलं साम्य लगेच जाणवतं. चीजच्या गाळ्यावर सुरीच्या टोकावर चव देतात. इथे आईंसाठी एक महत्त्वाची सूचना. शेतावर बनणाऱ्या पुष्कळ चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. चव घेण्याआधीच "व्हेजिटेरियन रेनेट आहे का?" असं विचारा. विक्रेत्यांना हा प्रश्न नवा नाही आणि ते नीट सांगतात. श्रॉपशर ब्लू हे केशरी रंगाचं, निळ्या शिरांचं चीज नाव बघून घेण्याचा मोह होतो, पण ते मुळात स्कॉटलंडमध्ये जन्माला आलं. स्थानिक म्हणून घ्यायचं असेल तर दुसरं काही विचारा.

जेवणाचं इथेच सांगून टाकते. लडलोचं नाव खाण्यासाठी मोठं आहे. १९९५ पासून इथे सप्टेंबरात खाद्यमहोत्सव भरतो, आणि संथ, स्थानिक जगण्याचा आग्रह धरणाऱ्या चित्तास्लो या मूळच्या इटालियन चळवळीत सामील होणारं हे ब्रिटनमधलं पहिलं गाव, २००३ मध्ये. पण या प्रसिद्धीत मांसाचा वाटा मोठा आहे. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, मात्र तीन गोष्टी विचाराव्या लागतात: सूप कशाच्या स्टॉकमध्ये आहे, चिप्स कशात तळले आहेत (काही ठिकाणी गोवंशाची चरबी वापरतात), आणि अंडं चालत नसेल तर कीश आणि केक टाळायचे. फिजेट पाय हा पेस्ट्रीच्या कवचात भाजलेला इथला जुना पदार्थ सफरचंदाचा म्हणून सांगतात, पण त्यात डुकराचं मांस असतं. भाजलेला अख्खा बटाटा, वर लोणी, सोबत सॅलड हे कुठल्याही कॅफेत मिळतं आणि सॅलड वगळून एकादशीलाही चालून जातं. वेळ मात्र पाळा. साडेबारा-एकला जेवायला बसा, कारण बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर अडीचच्या आत बंद होतं. "आधी सगळं बघू, मग निवांत जेवू" हा आपला बेत इथे नेहमी फसतो.

बाजारानंतर मी लोकांना थेट किल्ल्यात नेत नाही, आधी चर्चमध्ये नेते. त्याला कारण आहे. बाजारातला पैसा कुठे गेला ते तिथे दिसतं. मध्ययुगात लडलो लोकरीवर श्रीमंत झालं आणि त्या श्रीमंतीतून सेंट लॉरेन्सचं चर्च एवढं वाढलं की बाहेरून ते एखाद्या मोठ्या शहराचं कॅथेड्रल वाटतं. मनोरा १३५ फूट उंच. आत जमीन सपाट आहे, बसायला भरपूर जागा आहे, म्हणून आईंसाठीही सकाळच्या चालण्यानंतर हाच थांबा योग्य. प्रवेशाला तिकीट नाही, पेटीत काहीतरी टाका. मनोऱ्यावर जायला सुमारे २०० पायऱ्या आहेत, त्या ज्यांना झेपतील त्यांनीच चढाव्यात.

चर्चमध्ये सगळं बघण्याच्या फंदात पडू नका. पुढे गायकवृंदाच्या जागी दोन्ही बाजूंना लाकडी आसनं आहेत. त्यांच्या बैठका बिजागरीवर उचलता येतात आणि उचललेल्या बैठकीच्या खालच्या अंगाला एक छोटी कडा आहे. तासन्‌तास उभं राहून प्रार्थना म्हणणाऱ्यांना टेकायला ही सोय. त्या कडेखाली पंधराव्या शतकातल्या सुतारांनी कोरीवकाम केलं आहे. अशी २८ आसनं इथे आहेत. त्यातलं एक नक्की शोधा: माप मारणारी दारूवाली. एका भुताने तिला पाय धरून खांद्यावर उलटी टाकली आहे आणि ती नरकाच्या उघड्या जबड्याकडे चालली आहे, पण हातातलं ते खोटं माप तिने अजून सोडलेलं नाही. अंगावर कपडा नाही, डोक्यावरचं उंची शिरोवस्त्र तेवढं राहिलं आहे. बाजूला दुसरं भूत तिच्या पापांची यादी वाचतंय. सुतार किती जवळून बाजार ओळखत असेल! आज सकाळी तुम्ही ज्या चौकात वजन करून चीज घेतलं, त्याच चौकातल्या लबाडीची ही शिक्षा आहे. माझ्या मते लडलोतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि निम्मे पर्यटक ती न बघता परत जातात. आसनांना हात लावण्याआधी तिथल्या स्वयंसेवकांना विचारा. ते बहुधा स्वतःच उठून दाखवतात.

डावीकडच्या सेंट जॉनच्या चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) पामर्स गिल्डची रंगीत काच आहे. गिल्ड म्हणजे गावातल्या पैसेवाल्यांचं धार्मिक मंडळ. गावोगावचे लोक वर्गणी भरत, त्यातून घरं घेतली जात, घरभाड्यातून पुरोहित, शाळा, म्हाताऱ्यांची सोय. बाहेर उत्तरेच्या भिंतीशी कवी ए. ई. हाउसमन यांच्या अस्थी आहेत, १९३६ च्या. श्रॉपशरचं नाव कवितेत अजरामर करणारा हा कवी जन्माने शेजारच्या वुस्टरशरचा.

आता किल्ला. बाबांना इथे दीड तास द्या. बाहेरचं मोठं पटांगण सपाट गवताचं आहे, आईंना तिथे बाकावर बसता येतं. आतलं आवार कोरड्या खंदकावरच्या पुलावरून गाठता येतं, जमीन जरा ओबडधोबड. बुरुजांचे जिने मात्र गोल, अरुंद आणि झिजलेले. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर त्या वाटेला जाऊच नका, खालूनही पुष्कळ दिसतं. आत एक गोल आकाराचं चॅपल उभं आहे, बाराव्या शतकातलं. त्याच्या कमानीवरची नक्षी अजून टवटवीत आहे.

किल्ल्याचा इतिहास सांगताना मी दोनच मुलांची गोष्ट सांगते, कारण बाकीची नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पहिला मुलगा एडवर्ड. चौथ्या एडवर्ड राजाने आपल्या लहानग्या मुलाला १४७३ मध्ये इथे ठेवलं आणि वेल्स आणि सरहद्दीचा कारभार त्याच्या नावाने इथून सुरू झाला. एप्रिल १४८३ मध्ये राजा वारला तेव्हा हा १२ वर्षांचा मुलगा इथेच होता. इथूनच तो राज्याभिषेकासाठी लंडनला निघाला. वाटेत काका रिचर्डने त्याला ताब्यात घेतलं, अभिषेक झालाच नाही, धाकट्या भावासह तो लंडनच्या टॉवरमध्ये दिसेनासा झाला आणि काका राजा झाला. त्या मुलांचं नेमकं काय झालं यावर आजही वाद चालतात. मराठी पाहुण्यांच्या तोंडून इथे "काका, मला वाचवा" हमखास निघतं.

दुसरा मुलगा आर्थर, सातव्या हेन्री राजाचा थोरला. स्पेनची राजकन्या कॅथरिन ऑफ ॲरागॉन हिच्याशी १५०१ च्या नोव्हेंबरात लग्न झालं, जोडपं इथे राहायला आलं आणि २ एप्रिल १५०२ रोजी १५ वर्षांचा आर्थर आजारी पडून इथेच गेला. कॅथरिनचं लग्न पुढे धाकट्या दिराशी, आठव्या हेन्रीशी झालं. १५२९ मध्ये हेन्रीला काडीमोड हवा होता, तेव्हा लडलोच्या त्या काही महिन्यांत आर्थर आणि कॅथरिन नवरा-बायको म्हणून एकत्र आले होते की नाही, हा प्रश्न उघड सुनावणीत चघळला गेला. इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं ते या भांडणातून. आतल्या आवारात छप्पर नसलेल्या त्या दालनांमध्ये उभं राहून हे ऐकलं की बाबा पुढचा अर्धा तास हलणार नाहीत, आधीच सांगून ठेवते.

तिसरी गोष्ट आपल्या घराजवळची आहे आणि ती पाटीवर ठळक दिसत नाही. वेल्स आणि सरहद्दीचा कारभार आणि न्यायनिवाडा इथून बघणारं कौन्सिल १६८९ मध्ये बंद झालं, छपरांचं शिसं लोकांनी काढून नेलं आणि किल्ला ओसाड पडला. १८११ मध्ये तो राजसत्तेकडून विकत घेतला अर्ल ऑफ पोविस यांनी. हे म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह, रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. २० वर्षं लडलोचा खासदार, मग १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला, ते याच्याच कारकिर्दीत. बापाचा आपल्याशी संबंध त्याहून जुना आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला गेला तेव्हा समुद्रावरून ॲडमिरल वॉटसन होता आणि जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख रॉबर्ट क्लाइव्ह, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. प्लासी त्याच्या पुढच्या वर्षी. हा क्लाइव्ह याच श्रॉपशरमध्ये, मार्केट ड्रेटनजवळ १७२५ मध्ये जन्मला. किल्ला आजही पोविस इस्टेटकडेच आहे. टिपूचा तंबू आणि हिंदुस्थानातून आणलेल्या इतर वस्तू इथे नाहीत, त्या वेल्सच्या हद्दीतल्या पोविस कासलमध्ये आहेत. बाबांना त्यात रस असेल तर तो वेगळा दिवस ठेवा, याच दिवसात कोंबू नका.

किल्ल्यातून निघाल्यावर आईंची ताकद बघून ठरवा. बटरक्रॉसपाशी या. १७४० च्या दशकातली ही इमारत, खालच्या कमानींत लोणी विकलं जायचं. तिथून खाली उतरत जाणारा ब्रॉड स्ट्रीट बघा. रांगेने विटांची, मोठ्या खिडक्यांची जॉर्जियन घरं. त्यातल्या कित्येकांच्या मागे जुना लाकडी सांगाडा तसाच आहे. अठराव्या शतकात आसपासचे जमीनदार हौसेने गावात राहायला आले, तेव्हा त्यांनी दर्शनी भिंत तेवढी नवी केली. तळाशी ब्रॉडगेट आहे. गावाच्या सात वेशींपैकी एवढी एकच उरली, तिच्यावर घर आहे आणि खालून आजही गाड्या जातात. मात्र हा रस्ता उतरला की चढावाच लागतो. आईंना वरूनच दाखवा, किंवा त्यांना खाली पुलाजवळ गाडीने न्या. तसंच बुल रिंगमधली फेदर्स हॉटेलची जुनी इमारत बाहेरूनच बघा. १६१९ मध्ये कौन्सिलात वकिली करणाऱ्या रीस जोन्सने तिचा हा नक्षीदार लाकडी दर्शनी भाग उभा केला. लोकरीनंतर गावाला कोर्टकचेरीने पोसलं, ते इथे डोळ्यांनी दिसतं. एकोणिसाव्या शतकात मोठे कारखाने मात्र लडलोला आले नाहीत आणि म्हणूनच हे सगळं पाडलं गेलं नाही.

हातात आणखी तास असेल तर दोनपैकी एक करा. डिनमच्या पुलाशी टीम नदीकाठी हिरवळ आहे, तिथे चहा घेऊन बसा. समोरच्या व्हिटक्लिफ टेकडीवरून किल्ला आणि गाव एका नजरेत दिसतं, पण पायवाट चढाची आहे. त्या टेकडीच्या खडकांत समुद्री शिंपल्यांचे ठसे सापडतात, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचे. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या कालगणनेत त्या काळाला लडलोचंच नाव आहे. दुसरा पर्याय उत्तरेला सात मैलांवरचं स्टोकसे कासल. लडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकर व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला तटबंदीचा वाडा, मोठं दालन अजून छपरासकट उभं. लॉरेन्स १२९४ मध्ये लोकर घेऊन समुद्रातून जाताना बुडाला. जागा लहान आहे, आईंना झेपेल. हिवाळ्यात ते रोज उघडं नसतं, निघण्याआधी बघून घ्या.

रविवारशिवाय अजिबात जमणार नसेल तर? मग खरं सांगायचं तर मी लडलोचा आग्रह धरणार नाही. सोबत लहान मुलं असतील तर ब्रिजनॉर्थ घ्या. तिथे १८९२ पासून कड्यावर चढणारी छोटी रेल्वे आहे, आणि किडरमिन्स्टरहून १६ मैलांची वाफेच्या इंजिनाची गाडी थेट गावात येते. रेल्वेनेच यायचं असेल तर श्रूसबरी बरं, गाडी बदलावी लागत नाही.

कपड्यांचं एक राहिलं: किल्ल्यात जुलैतही वारा लागतो, आईंना शाल आणि दोघांना चांगल्या तळव्याचे बूट हवेतच, चौकातली फरसबंदी पावसात निसरडी होते.

तारीख ठरली की इथे लिहा. बाबांना जिने कितपत झेपतात आणि तुम्ही किती वाजता पोचणार तेही कळवा, म्हणजे मनोरा घ्यायचा की स्टोकसे, ते त्याप्रमाणे सांगते.